बग्घार: कागदावर बांधलेलं बंदर

मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं बग्घार हे बंदर कुठल्याही नकाशात सापडत नाही. तरीही जगभरच्या लाखो वाचकांना त्याचे बोळ, त्याचा धक्का आणि त्याची तळघरं चांगली ठाऊक आहेत. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी 'टिनटिन' मालिकेतल्या 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज' या साहसकथेत 1941 साली हे शहर उभं केलं. सत्तर वर्षांनी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी चित्रपटासाठी ते पुन्हा बांधलं, आणि तेव्हा त्याचा राजा, त्याचं पाणी, त्याचा उतार, सगळंच बदललं.

कथेच्या जगात बग्घारला पूर्वज नाहीत. ते कुणी वसवलं, कोणत्या सुलतानाने तट बांधला, कधी दुष्काळ पडला, यातलं काहीच आपल्याला सांगितलेलं नाही. मालिकेचा नायक टिनटिन वेशीतून आत येतो त्या दिवशी शहराचा इतिहास सुरू होतो आणि चोर पकडले जातात त्या दिवशी संपतो. तरी या शहराला इतिहास नाही असं मला वाटत नाही. तो पुस्तकाच्या चौकटींबाहेर आहे एवढंच. तो जर्मनव्याप्त ब्रसेल्समधल्या एका चित्रकाराच्या टेबलावर आहे, साले आणि टॅन्जिअर या मोरोक्कन बंदरांच्या खऱ्या गोद्यांत आहे, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी या शहरात फेरफार करायला लावले त्यांच्या मागण्यांतही आहे.

सुरुवात ब्रसेल्सपासून करू. 10 मे 1940 रोजी जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. टिनटिनची कथा ज्या 'ल प्ती व्हँतिएम' या मुलांच्या पुरवणीत 1929पासून येत होती, तिचं मूळ वृत्तपत्र बंद पडलं. 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' ही चालू कथा अर्ध्यावरच राहिली. एर्जे फ्रान्समध्ये आश्रयाला गेले आणि जूनअखेर परतले. मग 'ल स्वार' या मोठ्या दैनिकाने त्यांना बोलावलं. दैनिकावर आता जर्मनांचा ताबा होता, खप तीन लाखांच्या घरात होता. मुलांसाठी काढलेल्या 'ल स्वार जनेस' या पुरवणीत 17 ऑक्टोबर 1940 पासून खेकड्याची गोष्ट सुरू झाली. या नोकरीची किंमत एर्जेंना पुढे मोजावी लागली. 1944मध्ये ब्रसेल्स मुक्त झाल्यावर त्यांना अटक झाली आणि काही काळ त्यांच्या लिहिण्या-छापण्यावर बंदी आली. बग्घार वाचताना ही पार्श्वभूमी डोळ्याआड करू नये. युद्ध, जर्मन, राजकारण यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, अशा काळात लेखकाला गोष्ट दूर कुठेतरी न्यावीच लागते. एर्जेंनी ती समुद्रावर नेली, तिथून सहारात, आणि शेवटी एका उन्हाने तापलेल्या बंदरात.

कागदाची टंचाई त्यांच्या पाठीस लागलीच होती. मे 1941मध्ये पुरवणीची पानं घटवली गेली आणि टिनटिनच्या वाट्याची जागा एक तृतीयांशावर आली. सप्टेंबरमध्ये पुरवणीच बंद झाली आणि कथा मूळ दैनिकात रोजच्या छोट्या पट्टीत येऊ लागली. 18 ऑक्टोबर 1941 रोजी ती संपली. म्हणजे बग्घारमधला शेवटचा थरार रोज चार-पाच चौकटी अशा हप्त्यांत वाचकांपुढे आला. अशा पट्टीत फुरसत नसते. आज वाचकाला अडकवलं नाही तर उद्या तो पान उलटून पुढे जाईल. बग्घारच्या बोळांत एवढी धावाधाव का आहे, दर दोन-तीन चौकटींनी दार का बंद होतं, कुणीतरी कोपऱ्याआड का नाहीसं होतं, याचं बरंच उत्तर या कागदटंचाईत आहे. सहाराचं वाळवंट निवांत आहे. तिथे मृगजळ आहे, तहान आहे, तहानेने भान सुटलेला कॅप्टन हॅडॉक टिनटिनला शॅम्पेनची बाटली समजून त्याच्या गळ्याला हात घालतो तो प्रसंग आहे. बग्घारला तेवढा श्वास घ्यायला मिळत नाही.

आता शहरात शिरू. टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक यांची भेट याच कथेत 'काराबूजान' जहाजावर झालेली असते. हॅडॉक नावाला कप्तान, प्रत्यक्षात दारूच्या अंमलाखाली ठेवलेला कैदी. जहाजाचा खरा कारभार त्याचा सहायक ॲलन पाहतो आणि खेकड्याच्या मांसाच्या डब्यांतून अफूची ने-आण करतो. दोघं जहाजावरून निसटतात, विमानासह वाळवंटात कोसळतात आणि आफघार या फ्रेंच लष्करी ठाण्यावर लेफ्टनंट देलकूर त्यांना वाचवतो. तिथे रेडिओवर बातमी येते की काराबूजान वादळात बुडालं. पुढे दोघं बग्घारला पोचतात, आणि तिथल्या बंदरात हॅडॉकची नजर 'जेबेल अमिला' नावाच्या एका जहाजावर पडते. रंग नवा आहे, नाव नवं आहे, पण ज्याने त्या जहाजावर वर्षं काढली त्याला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार? ते काराबूजानच असतं.

इथे एर्जेंनी बंदराचा धंदा नेमका पकडला आहे. जहाजाची ओळख म्हणजे त्याच्या मागच्या बाजूला रंगवलेलं नाव आणि कप्तानाच्या पेटीतली कागदपत्रं. बुडाल्याचा संदेश एकदा पसरला की पोलीस त्या नावाचा शोध थांबवतात, बंदर अधिकारी त्याची वाट पाहायचं सोडतात. उरतो तो फक्त रंगाचा डबा आणि एक शांत धक्का, जिथे कुणी फारसे प्रश्न विचारत नाही. बग्घार हा तो धक्का आहे. मोठ्या, गजबजलेल्या, तारयंत्रांनी जोडलेल्या कॅसाब्लांकात ही हातचलाखी जड गेली असती. एर्जेंना दुय्यम बंदर हवं होतं आणि ते त्यांनी त्याच मापाचं काढलं. पांढऱ्या भिंती, अरुंद गल्ल्या, सपाट गच्च्या, दारावरच्या कमानी, आणि एका टोकाला जहाजं.

या शहराचा सर्वांत बोलका भाग जमिनीखाली आहे. ओमर बेन सलाद हा बग्घारचा धनाढ्य, प्रतिष्ठित व्यापारी. त्याच्या घराखालच्या तळघरांत दारूची मोठाली पिंपं आहेत आणि तिथेच टोळीचा अड्डा आहे. गोळीबारात पिंपांना भोकं पडतात, दारू वाहू लागते आणि तिच्या वाफेनेच हॅडॉकला चढते. टिनटिनही झिंगतो. मुस्लिम शहरातल्या मान्यवराच्या घराखाली दारूचा साठा, आणि त्या साठ्यातूनच त्याच्या गुन्ह्याला वाचा फुटते, ही रचना मला या पुस्तकातली सर्वांत पक्की वाटते. वर अब्रू, खाली माल. ज्या शहराला कथेत ना इतिहास आहे ना लोकसंख्या, त्याला एर्जेंनी निदान हे दोन मजले दिले, आणि तेवढ्यावर ते शहर खरं वाटू लागतं.

पण या शहरात बोलतं कोण, हेही पाहायला हवं. बोलतो फ्रेंच लेफ्टनंट, बोलतात युरोपियन खलाशी, थॉमसन आणि थॉम्पसन हे गुप्तहेर, आणि शेवटी जहाजाच्या तळातून सुटका झालेला जपानी पोलीस अधिकारी कुराकी. बग्घारचे रहिवासी गर्दी करतात, माना वळवून पाहतात, वाट अडवतात किंवा सोडतात. ज्या एका बग्घारकराला नाव आणि व्यक्तिमत्त्व मिळालं तो टोळीचा म्होरक्या निघतो. एर्जे यांचा हात इतका बारकाईचा की गल्लीतल्या माणसाचा झगा वाऱ्याने कसा फुगेल तेही ते चुकवत नाहीत. म्हणूनच या माणसांची मुकी हजेरी अधिक टोचते.

खऱ्या मोरोक्कोची बंदरं कधीच मुकी नव्हती. राबातसमोरच्या नदीपलीकडचं साले घ्या. 1609पासून स्पेनने मोरिस्को लोकांना, म्हणजे पूर्वी मुसलमान असलेल्या आणि नंतर सक्तीने ख्रिस्ती केलेल्या आपल्याच प्रजेला, देशाबाहेर काढायला सुरुवात केली. त्यांतले अनेक या नदीमुखावर येऊन वसले. घरदार गमावलेल्या या माणसांनी समुद्रावर सूड उगवायला घेतला. 1627च्या सुमारास त्यांनी सुलतानाचा अंमल झुगारून स्वतःचं प्रजासत्ताक स्थापन केलं आणि ते सुमारे चाळीस वर्षं टिकलं. त्यांच्या आरमाराचा एक प्रमुख होता मुराद रईस. तो मूळचा हॉलंडमधल्या हार्लेमचा यान यान्सझून, पकडला गेल्यावर मुसलमान झालेला. त्याची गलबतं आइसलँडपर्यंत गेली आणि 1631मध्ये त्याने आयर्लंडमधलं बाल्टिमोर हे गाव लुटून तिथल्या माणसांना गुलाम म्हणून नेलं. 1719मध्ये डॅनियल डीफोने 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिली तेव्हा नायकाला बेटावर पोचवण्याआधी त्याने सालेच्या चाच्यांच्या तावडीत दिलं होतं. युरोपच्या साहसकथेत मोरोक्कोचं बंदर शिरलं ते असं, चाच्यांचा धक्का म्हणून. बग्घारचा अफूवाला ओमर याच वंशावळीतला आहे.

टॅन्जिअरची गोष्ट आपल्या मुंबईला थेट येऊन भिडते. 1661मध्ये इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला आणि त्यात पोर्तुगालने दोन बंदरं आंदण दिली. एक टॅन्जिअर, दुसरं मुंबई. त्या वेळी लंडनच्या दरबाराला मोठं घबाड वाटलं ते टॅन्जिअर. भूमध्य समुद्राच्या तोंडावरचं ठाणं ते. तिथे तट बांधण्यात आणि समुद्रात लांबलचक दगडी धक्का घालण्यात इंग्रजांनी अमाप पैसा ओतला. मुंबई 1665मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आली, आणि तीन वर्षांतच राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पुढे टॅन्जिअरचा खर्च झेपेना, मोरोक्कन सैन्याचा वेढा सुटेना. 1684मध्ये इंग्रजांनी आपलाच तो धक्का सुरुंग लावून उडवला आणि शहर सोडलं. त्या आवराआवरीच्या मोहिमेबरोबर रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सही गेला होता. एकाच लग्नात दिलेल्या दोन शहरांतलं एक वीस-बावीस वर्षांत हातचं गेलं आणि दुसऱ्यावर साम्राज्य उभं राहिलं. बग्घारच्या कथाकाराला हवा तेवढा मालमसाला या एका धक्क्याच्या ढिगाऱ्यात होता.

विसाव्या शतकात टॅन्जिअर पुन्हा वेगळं झालं. 1923च्या करारानुसार त्याला आंतरराष्ट्रीय क्षेत्र ठरवलं गेलं. अनेक युरोपीय देशांचे प्रतिनिधी मिळून कारभार पाहणार, वेगवेगळी चलनं शेजारी शेजारी चालणार, आणि कुणाच्याच कायद्याचा हात सगळीकडे पोचणार नाही. पॅरिस पडलं त्याच दिवशी, 14 जून 1940 रोजी, स्पेनच्या फ्रँकोने तिथे आपलं सैन्य घुसवलं. एर्जे बग्घार रेखाटत होते तेव्हा खरं टॅन्जिअर स्पॅनिश शिपायांच्या पहाऱ्यात होतं. युद्धानंतर ते क्षेत्र पूर्ववत झालं आणि 1956मध्ये मोरोक्को स्वतंत्र होईपर्यंत सोनं, सिगारेटी आणि चलन यांच्या चोरट्या व्यापाराचं ते माहेरघर राहिलं. अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांनी तिथे राहून 'नेकेड लंच'मध्ये त्याचं 'इंटरझोन' केलं. म्हणजे आणखी एक काल्पनिक शहर, पण तेही खऱ्या टॅन्जिअरच्याच अंगावर बेतलेलं.

याच टॅन्जिअरचा एक मुलगा उलट्या दिशेने निघाला होता. 1304मध्ये जन्मलेला इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. 1342च्या सुमारास तिथून दक्षिणेकडे निघाला आणि वाटेत त्याने दौलताबाद पाहिलं. तिथल्या किल्ल्याबद्दल आणि त्या मुलखातल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. गोव्याला तो सिंदाबूर म्हणतो, आणि होनावरच्या सुलतानाने त्या बेटावर केलेल्या स्वारीत आपण स्वतः होतो असंही सांगतो. त्याच्या प्रवासवर्णनातही ऐकीव गोष्टी आहेत, अचंबे आहेत, काही ठिकाणी तो खरंच गेला होता का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण त्याच्या पुस्तकात आपल्या मुलखातली माणसं कर भरतात, खातात-पितात, भांडतात, व्यापार करतात. उत्तर आफ्रिकेच्या एका बंदरातल्या माणसाने सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी दूरच्या किनाऱ्याला एवढं दिलं. बग्घारला तेवढं मिळालं नाही, याची मला रुखरुख लागते.

बग्घारचं थेट उगमस्थान मात्र फ्रेंच अमलातलं मोरोक्को आहे. 1907मध्ये कॅसाब्लांकात गोदीच्या कामासाठी टाकलेली रेल्वे मुसलमानांच्या कबरस्तानालगत गेली. लोक खवळले, काही युरोपियन कामगार मारले गेले, आणि फ्रेंच युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या. 30 मार्च 1912 रोजी फेजच्या तहाने सुलतान फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली गेला. रेसिडेंट जनरल लिओते आला आणि त्याने एक शहाणी वाटणारी पण खोल परिणामांची व्यवस्था लावली: जुनी तटबंदीची मदिना जशीच्या तशी ठेवायची आणि शेजारी रुंद रस्त्यांचं नवं युरोपियन शहर वसवायचं. वास्तुकार आंरी प्रोस्त याने त्या नव्या शहरांचे आराखडे केले. मदिना जपली गेली, पण ती पाहण्याची वस्तू होऊन बसली आणि सत्ता पलीकडे गेली. बग्घारची मांडणी बारकाईने पाहिली तर हीच दोन जगं तिथे दिसतात. गुन्हा मदिनेच्या पोटात घडतो, कायदा मात्र फ्रेंच गणवेशात बाहेरून चालत येतो.

वाळवंटातलं लष्करी ठाणं, उंटस्वार फौज, क्षितिजावरचे बंदूकधारी हल्लेखोर, ही सगळी सामग्री त्या काळच्या फ्रेंच आणि इंग्रजी कादंबऱ्यांतून हातोहात फिरत होती. जोझेफ पेरे यांची 'लेस्काद्राँ ब्लाँ' 1931ची, तिच्यावर 1936मध्ये इटालियन चित्रपट निघाला. त्याहून गाजलेली 1924ची 'बो जेस्त', फ्रेंच फॉरिन लीजनच्या शिपायांची कथा. हॉलिवूडने ती 1926 आणि 1939मध्ये पडद्यावर आणली. तिचा लेखक पी. सी. रेन महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला वेगळ्याच कारणाने आठवेल. 'रेन अँड मार्टिन'च्या इंग्रजी व्याकरणातला रेन तो हाच. 1903मध्ये तो भारतीय शिक्षणसेवेत आला आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्याने बरीच वर्षं काढली. कर्ता, कर्म, क्रियापद पाठ करवून घेणाऱ्या या माणसाच्या लेखणीतून सहाराचा तो किल्ला निघाला, ज्याची सावली आफघारच्या ठाण्यापर्यंत पोचलेली दिसते.

1941मध्ये कास्तेरमान या प्रकाशकाने ही कथा काळ्या-पांढऱ्यात छापली. एर्जेंच्या मनात 'लाल खेकडा' हे नाव होतं, प्रकाशकाने सोनेरी नांग्या आणल्या. पुढे रंगीत, 62 पानी साचा ठरला तेव्हा ही कथा तोकडी पडली, कारण शेवटी जागेचीच चणचण झाली होती. मग एर्जेंनी चार पानभर रंगीत चित्रं घालून भरती केली.

पुढे 1960च्या सुमारास अमेरिकेतल्या गोल्डन प्रेसने आवृत्ती काढायचं ठरवलं आणि आक्षेप घेतले. हॅडॉक बाटली तोंडाला लावतो ती चित्रं नकोत. आणि कृष्णवर्णीय माणसं गोऱ्यांबरोबर एकत्र दाखवायची नाहीत. त्यामुळे जहाजावरचा एक काळा खलाशी गोरा झाला आणि बग्घारच्या तळघरात बांधलेल्या हॅडॉकला छडीने मारणारा काळा माणूस अरब वाटेल असा बदलला. पुढच्या आवृत्त्यांत हाच बदल कायम राहिला. बग्घारच्या लोकसंख्येत झालेला हा पहिला अधिकृत फेरबदल, आणि तो न्यूयॉर्कमधून आला.

'द ब्लॅक आयलंड' या कथेशी याची तुलना करण्यासारखी आहे. ती ब्रिटनमध्ये घडते. इंग्रजी आवृत्ती काढताना मेथ्यूएन या प्रकाशनसंस्थेने एर्जेंना 131 चुकांची यादी पाठवली. पोलिसांचे पोशाख, रेल्वेचे डबे, अग्निशामक बंब, सगळं तपासलेलं. एर्जेंनी 1961मध्ये आपला सहकारी बॉब दे मूर याला ब्रिटनमध्ये पाठवलं. त्याने जागोजागी फिरून टिपणं आणि रेखाटनं केली, आणि 1966मध्ये अख्खं पुस्तक नव्याने काढून प्रसिद्ध झालं. 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड'लाही तशीच संधी मिळाली. 1971च्या आवृत्तीत ब्रिटिश अमलातलं पॅलेस्टाइन गेलं, हैफा या खऱ्या बंदराच्या जागी काल्पनिक बंदर आलं आणि अरबी मजकूर नीट करून घेतला गेला. हे सगळं इंग्रज प्रकाशकाच्या सांगण्यावरून. बग्घारसाठी राबातहून किंवा कॅसाब्लांकाहून अशी यादी पाठवू शकेल असा बलवान प्रकाशक त्या काळी नव्हता. मोरोक्कोत फ्रेंच पुस्तकं येत होती ती पॅरिस-ब्रसेल्समधूनच. ज्यांचं शहर काढलं त्यांना दुरुस्ती सुचवायची वाट नव्हती. एर्जेंनी मनाने नकार दिला असता असं मला वाटत नाही. 'ब्लू लोटस'च्या वेळी चांग चोंग-जेन या चिनी कलाविद्यार्थ्याने त्यांना शांघाय समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनापासून ऐकलं होतं. बग्घारला असा चांग भेटला नाही.

चित्रपटांनीही या कथेला लवकर हात घातला. 1947मध्ये बेल्जियममध्ये बाहुल्या हलवून केलेला 'क्रॅब' दाखवला गेला आणि निर्मात्याचं दिवाळं वाजलं. खरी मोठी पुनर्बांधणी व्हायला 2011 उजाडलं. स्पीलबर्ग यांना टिनटिन माहीत झाला तोच मुळी 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'च्या परीक्षणातून. 1981च्या त्या चित्रपटाची तुलना एका फ्रेंच भाषक समीक्षकाने एर्जेंशी केली होती. एर्जे आणि स्पीलबर्ग यांची भेट ठरत होती, पण मार्च 1983मध्ये एर्जे वारले. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, पीटर जॅक्सन यांच्याबरोबर, नटांच्या हालचाली संगणकात टिपून, 'द ॲडव्हेंचर्स ऑफ टिनटिन' तयार झाला.

या चित्रपटातलं बग्घार वेगळं आहे. ओमर बेन सलाद आता अफूवाला राहिलेला नाही. तो या नगरीचा शेख आहे, संग्राहक आहे, आणि 'युनिकॉर्न' जहाजाची तिसरी प्रतिकृती त्याच्या महालात बंदुकीच्या गोळीलाही न फुटणाऱ्या काचेत ठेवलेली आहे. गायिका बियांका कास्ताफियोर गाते आणि तिच्या सुराने ती काच फुटते. खलनायक साखरिनचा ससाणा प्रतिकृतीत दडवलेलं चर्मपत्र पळवतो, टिनटिन साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवरून त्याच्या मागे लागतो. डोंगरावर महाल, महालाजवळ धरण, खाली गच्च बसलेली वस्ती आणि तळाशी बंदर. हॅडॉकच्या हातून चुकून धरणच फुटतं आणि पाणी गल्ल्यांतून खाली झेपावतं. 1941च्या बग्घारमध्ये वाहिली ती दारू, तळघरात कोंडलेली. 2011मध्ये वाहतं ते पाणी, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. शेखाने अडवलेलं पाणी आणि खाली कोरडं शहर, एवढ्या एका गोष्टीने बग्घारला पहिल्यांदाच स्वतःचा प्रश्न मिळाला, जो टिनटिन यायच्या आधीपासून तिथे होता.

हा सगळा पाठलाग चित्रपटात एकाच सलग दृश्यात आहे. मध्ये कुठेही काप नाही, कॅमेरा महालापासून धक्क्यापर्यंत थांबत नाही. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये पांढरी फट असते आणि शहराचा न काढलेला भाग त्या फटीत लपवता येतो. एका चौकटीतला बोळ पुढच्या चौकटीतल्या चौकात कसा उघडतो, हे चित्रकाराला सांगावं लागत नाही. सलग दृश्यात ही सवलत नाही. प्रत्येक जिना कुठेतरी उतरायला हवा, प्रत्येक छप्पर कुणाच्या तरी घरावर असायला हवं, पाणी उताराला धरूनच वाहायला हवं. म्हणून न्यूझीलंडमधल्या वेटा डिजिटलच्या कलाकारांना हा उतार वरपासून खालपर्यंत सलग बांधावा लागला. एर्जेंच्या पट्टीत तुकड्यातुकड्यांनी दिसलेल्या बग्घारला महालापासून बंदरापर्यंत चालत जाता येईल असा रस्ता तेव्हा मिळाला. त्या रस्त्यावरचे रहिवासी मात्र अजून बोललेले नाहीत. त्यांच्या तोंडी संवाद घालायचं काम पुढच्या कथाकारासाठी शिल्लक आहे.